तार तुटली तर बसवणार कोण?

रोड बाइकची चाकं बदलायची म्हटलं की पोरं पहिला प्रश्न वजनाचा करतात. किती ग्रॅमची घेऊ, काका? मी उलट विचारतो, राहतोस कुठे आणि चालवतोस कुठे? कोथरूडात राहणाऱ्याला जे चाक परवडतं ते भांडगावात राहणाऱ्याला परवडेलच असं नाही, किंमत एकच असली तरी.

आमचं भांडगाव पुणे-सोलापूर महामार्गावर, यवत आणि केडगाव-चौफुल्याच्या मध्ये. रस्ता रुंद आणि बराचसा सपाट. चढ हवा असेल तर यवतजवळून भुलेश्वरकडे वळायचं. सरावाला अशी जागा शहरातल्यांना पन्नास किलोमीटर येऊन मिळते, आम्हाला ती दारातच आहे. मात्र रोड बाइकचं सामान ठेवणारं दुकान गाठायचं तर हडपसर, नाहीतर थेट पुणे. गावातल्या मिस्त्रीचा हात चांगला आहे, चाकाचा आउट तो नुसत्या नजरेने काढतो. पण त्याच्याकडे तारा असतात त्या चौदा नंबरच्या, हिरो-अ‍ॅटलसच्या काळ्या सायकलींच्या. त्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 तारा असायच्या. दुधाच्या किटल्या लादून त्या वर्षानुवर्षं चालल्या त्या उगाच नाही.

गळीत हंगामात सर्व्हिस रोडवर उसाच्या ट्रॉल्यांमधून कांड्या सांडत असतात. वरवंडहून परतताना अशाच एका कांडीवरून मागचं चाक गेलं आणि साखळीच्या बाजूची एक तार ताडकन तुटली. चाक दिसायला देखणं होतं. मागे वीसच तारा, त्याही चपट्या, हबमध्ये सरळ घुसणाऱ्या. एवढ्या कमी तारांतली एक गेली की रिम एका बाजूला ओढली जाते. ब्रेक पूर्ण सैल केला तरी टायर फ्रेमला घासत राहिला. 32 तारांच्या चाकात तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळून, ब्रेक थोडा उघडून घर गाठता येतं. इथे सायकल हातात धरून चालावं लागलं.

मिस्त्रीने चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘दादा, ही तार माझ्याकडं नाही आन् ही कॅसेट उघडायचा पानाबी नाही.’’ त्याचं खरं होतं. तारा बहुतेक वेळा मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्याच तुटतात, कारण तिथे ताण जास्त असतो, डावीकडे जवळजवळ निम्मा. आणि नेमकी तीच बाजू कॅसेटमागे झाकलेली असते. मग केडगावहून डेमूने चाक हडपसरला नेलं. तिथे कळलं की ही तार त्याच कंपनीची लागते आणि मागवावी लागेल. विकणाऱ्याने विकताना ‘‘काही होत नाही हो’’ एवढंच सांगितलं होतं. तार येईपर्यंत माझ्या सायकलीला जुनं जड चाकच होतं, आणि त्यावर माझा वेग फारसा कमी झालेला मला तरी जाणवला नाही.

न जाणवण्याचं कारण साधं गणित आहे. माणूस, सायकल, पाणी आणि हत्यारं मिळून समजा 82 किलो. नव्या चाकांनी 400 ग्रॅम वाचवले, म्हणजे अर्धा टक्का. भुलेश्वरचा चढ वीस मिनिटांत चढणाऱ्याचे त्यातून जेमतेम सहा सेकंद वाचतात. फिरणारं वजन दुप्पट मोजावं असं जे सांगतात ते वेग वाढवताना लागू पडतं, आणि तेही जास्तीत जास्त दुप्पट. एका वेगाने चाललेल्या सायकलीला रिमचं वजन वेगळं काही जाणवत नाही. शर्यतीत वळणावळणाला उसळी घेणाऱ्याने ग्रॅम मोजावेत. बीआरएमसारखी लांब पल्ल्याची राइड करणाऱ्याला 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. त्याला सहा सेकंदांचं काय? एका तुटक्या तारेत त्याचे दोन तास जातात.

म्हणून थोडे पैसे हाती असतील तर आधी टायर बदला. स्वस्त रोड बाइकबरोबर येणारे तारेच्या कडेचे जाड टायर चांगल्या टायरच्या तुलनेत जास्त ताकद खातात, आणि हा फरक सपाट रस्त्यावर सतत जाणवतो. चाकांच्या किमतीच्या एका तुकड्यात टायरची चांगली जोडी येते. आमच्याकडे वेडी बाभूळ बांधाबांधाला आहे आणि हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्यामुळे निव्वळ शर्यतीचा पातळ टायर इथे नको. पंक्चरविरोधी पट्टी असलेला 28 रुंदीचा बरा. फक्त फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली तो मावतो का, हे आधी बघा. आणखी एक, जुन्या अरुंद रिमवर जो 28चा टायर 28च भरतो, तोच आतून 21 मिलिमीटर रुंद असलेल्या नव्या रिमवर 30च्या आसपास जातो आणि ब्रेकला घासायला लागतो. चाक घेताना हे दुकानात कोणी सांगत नाही.

असं असलं तरी चाकं बदलायला एक खरं कारण आहे आणि ते मी कोणालाही सांगतो. सात गिअरच्या स्वस्त रोड बाइकला बहुतेकदा मागे फ्रीव्हील असतं, आट्यांवर फिरवून बसवलेलं. अशा हबमध्ये उजवीकडचे छर्रे फार आत असतात. एक्सलचं टोक आधाराविना बाहेर राहतं आणि खड्ड्यात आपटून आपटून वाकतं किंवा मोडतं. फ्रीहबच्या चाकात तो आधार बाहेरच्या टोकाशी येतो. जड माणसाला, ओझं घेऊन फिरणाऱ्याला ही खरी सुधारणा आहे. सात गिअरची कॅसेट 8-9-10च्या फ्रीहबवर बसवायची तर मागे साडेचार मिलिमीटरची रिंग लागते. 8, 9 किंवा 10 गिअरची कॅसेट 11च्या रोड फ्रीहबवर बसवायची तर 1.85 मिलिमीटरची. ही रिंग राहिली की कॅसेट डुगडुगते आणि गिअर लागता लागत नाही, मग लोक डिरेलरला शिव्या देतात. मागच्या फ्रेमची रुंदीही मोजा. रिम-ब्रेकच्या रोड बाइकला 130 मिलिमीटर, क्विक रिलीजच्या डिस्क-ब्रेकला 135, थ्रू-एक्सल असेल तर बहुधा 142. ओढून-ताणून बसवू नये.

खोल रिमचं वेड सध्या जोरात आहे. दिसतं झकास, नाकारत नाही. पण सायकलवरचा वाऱ्याचा बहुतेक विरोध चालवणाऱ्याच्या अंगाचा असतो, कोपर आत घेतल्याने जे मिळतं ते फुकट मिळतं. पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा पुण्याच्या दिशेने जाताना तो तोंडावरच असतो. बाजूने ट्रक गेला की खोल रिमचं पुढचं चाक हँडल हिसकावतं. शिवाय तिला 60 किंवा 80 मिलिमीटर व्हॉल्वची ट्यूब लागते, ती चौफुल्यावर मिळणार नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरायची तर बारीक व्हॉल्वला पितळी अ‍ॅडॅप्टर लागतो. तो मात्र खिशात ठेवाच, स्वस्तातली वस्तू.

आणि रिम-ब्रेकची सायकल असेल तर अनोळखी स्वस्त कार्बन रिम घेऊन दिवे घाट उतरू नका. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की कार्बनची रिम तापते, आतली राळ मऊ पडते आणि टायर धरणारी कड फाकू शकते. अ‍ॅल्युमिनियम उष्णता सोडतं. त्याची ब्रेकची कड झिजते तीही नजरेला दिसते. बऱ्याच रिमवर त्यासाठी खाच किंवा ठिपका असतो, तो पुसला गेला की रिम बदलायची.

मग घ्यावं काय? तयार जोडीत शिमानोची आरएस100 ही साधी, भरवशाची निवड. सुमारे 1.9 किलोची आहे, म्हणजे हलकी म्हणता येणार नाही. फायदा हबचा आहे. शिमानोच्या हबमध्ये सुटे छर्रे आणि कोन असतात, म्हणजे ग्रीस भरणं गावातल्या मिस्त्रीच्या हातचं काम. सीलबंद बेअरिंगवालं चाक घेतलंत तर बेअरिंगचा नंबर वहीत लिहून ठेवा, नंबर सांगितला की दौंड-हडपसरच्या बेअरिंगच्या दुकानात विचारता येतं. पण माझं मन हाताने विणलेल्या चाकाकडे जातं. शिमानोचा टियाग्रा दर्जाचा 32 भोकांचा हब, दुहेरी भिंतीची अ‍ॅल्युमिनियम रिम, वाकड्या मानेच्या गोल तारा आणि पितळी निपल. अ‍ॅल्युमिनियमचे निपल काही ग्रॅम वाचवतात, पण घामाने आणि पावसाने जाम होतात आणि आउट काढताना गोल होऊन बसतात. पुण्यात असं चाक विणून देणारे कारागीर आहेत. मजुरी धरूनही ते नावाजलेल्या जोडीच्या फार वर जात नाही. चालवणाऱ्याचं वजन सत्तर किलोच्या आत असेल तर पुढे 28 तारा पुरतात, मागे 32 ठेवाच.

चाक ताब्यात घेताना प्रत्येक तार बोटाने छेडून बघा. एका बाजूच्या तारांचा आवाज जवळपास सारखा यायला हवा, एखादी भसाडी वाजली तर ती ढिली आहे. पहिल्या दोनेकशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासून घ्या, तारा तोवर आपापल्या जागी बसलेल्या असतात. विणणाऱ्याकडून तारांची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून मागा. मागच्या चाकाला उजवी आणि डावी वेगळी असते, उजवी सहसा दीड-दोन मिलिमीटर आखूड. प्रत्येक मापाच्या दोन तारा निपलांसह जास्तीच्या मागून घ्या आणि सीटखालच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ठेवा. कॅसेट उघडायचा पाना आमच्या मिस्त्रीकडे आता आहे, मीच आणून दिला.