शेततळ्यातला मासा: खाद्य मोजून टाका, पैसा पाण्यात टाकू नका

🐟 *मत्स्य सल्ला – सभासदांसाठी*



आषाढ-श्रावणात शेततळ्यात सोडलेली बोटुकली आता हाताच्या पंजाएवढी झाली असेल. आता खाण्याची भूक वाढते आणि खाद्याची पोतीही भराभर संपू लागतात. मत्स्यपालनाच्या चालू खर्चात निम्म्याहून जास्त पैसा खाद्यावरच जातो. म्हणून आजचा पाठ खाद्यावर आहे. जरा मोठा आहे, पण सवडीने पूर्ण वाचा.

एक गोष्ट आधी पक्की करू. स्वस्त खाद्य म्हणजे कमी भावाचं पोतं नव्हे. एक किलो मासा वाढायला खाद्याचे किती रुपये लागले, तो आकडा ज्याचा कमी, त्याचं खाद्य स्वस्त. हा आकडा घरच्या घरी कसा काढायचा ते पाहू.

*१) आपला मासा खातो कसा?*

कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. सायप्रिनसही तळाशीच. गवत्या मासा नावाप्रमाणे गवत, पाला खातो. त्यामुळे एकाच जागी मूठभर भुकटी फेकली तर सगळ्यांना ती मिळत नाही.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. हे सगळे कार्प कुळातले मासे आहेत आणि यांना आपल्यासारखं जठर नसतं, सरळ आतडंच असतं. म्हणजे एकदम भरपूर खाऊन साठवून ठेवायची सोय नाही. एका वेळी जास्त टाकलं तर काही न खाता तळाशी जातं आणि खाल्लेलंही नीट न पचता बाहेर पडतं. म्हणून दिवसाचं खाद्य दोन वेळांत विभागायचं. घरात पोरांनी काचेच्या टाकीत गोल्डफिश किंवा कोई पाळले असतील तर तेही याच कुळातले, त्यांनाही हाच नियम.

*२) घरचं मिश्रण*

शेंगदाणा पेंडीत साधारण ४० टक्के प्रथिनं असतात आणि भाताच्या कोंड्यात साधारण १२ टक्के. वाढत्या कार्प माशाला २५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं पुरतात. दोन्ही निम्मे-निम्मे घेतले की हिशेब बरोबर जमतो. १०० किलोसाठी:

▪️ शेंगदाणा पेंड – ४९ किलो
▪️ भाताचा कोंडा – ४९ किलो
▪️ माशांसाठीचं मिनरल मिक्श्चर – २ किलो

पेंड रात्री भिजत घाला. सकाळी त्यात कोंडा आणि मिनरल मिक्श्चर कालवून घट्ट गोळे करा. कोरडी भुकटी फेकू नका. वाऱ्याने ती काठाला लागते आणि बरीच पाण्यात विरघळून जाते.

बदल करायचा असेल तर:

▪️ *सोयाबीन:* तेल काढलेली सोया पेंड, म्हणजे डीओसी, चालते. तिच्यात प्रथिनं ४५ टक्क्यांच्या आसपास असतात. पण घरचं कच्चं सोयाबीन भरडून टाकू नका. कच्च्या दाण्यात पचन रोखणारा घटक असतो. भाजून किंवा शिजवून घेतलं तर तो निकामी होतो.
▪️ *सरकी पेंड:* हिच्यात गॉसिपॉल नावाचा अपायकारक घटक असतो. पेंडीच्या वाट्यातला पाव हिस्सा सरकीचा असला तर पुरे, सगळी सरकी नको.
▪️ *मका भरडा:* कोंड्याच्या जागी थोडा चालतो, गोळा चांगला बांधला जातो. पण त्यातून ताकद मिळते, प्रथिनं कमीच. पेंड कमी करून मका वाढवू नका.
▪️ *अझोला:* चांगला आहे, पण हिशेब समजून घ्या. ताज्या अझोल्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. १० किलो ओला अझोला टाकला म्हणजे कोरडं खाद्य एक किलोसुद्धा पडलं नाही. जोड म्हणून द्या, पेंडीऐवजी नको.

*३) हे टाकायचं नाही*

❌ बुरशी लागलेली पेंड. शेंगदाणा पेंडीवरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते माशाच्या यकृतावर बसतं. गोळा झालेली, कुबट वास येणारी पेंड स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. पोती भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा.
❌ फवारणी केलेल्या कोबीचा, फ्लॉवरचा पाला. कीटकनाशकाचा थोडासा अंशही माशाला सोसत नाही. गवत्या माशाला पाला घालायचा तर न फवारलेल्या तुकड्यातलं कोवळं गवत किंवा नेपिअर बारीक कापून घाला. फवारणीचा पंप तळ्यात धुवू नका, हे वेगळं सांगायला नको.
❌ कोंबडीची आतडी, पिसं, हॉटेलचं उरलंसुरलं. पाणी सडतं, रोग येतो. असल्या खाद्यावर वाढवला जाणारा थाई मांगूर पाळायला तर देशात बंदीच आहे, त्या वाटेला जाऊ नका.

*४) किती टाकायचं?*

ह्याच जागी सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. 'रोज एक पाटी' हे माप नाही. दर पंधरा दिवसांनी सकाळच्या गारव्यात फेकजाळं टाका. वेगवेगळ्या आकाराचे २० मासे धरा, ओल्या पिशवीत घालून ताणकाट्यावर वजन करा आणि लगेच सोडा. एकूण वजनाला २० ने भागलं की एका माशाचं सरासरी वजन मिळालं. मग तळ्यातल्या एकूण वजनाच्या इतकं खाद्य रोज:

▪️ मासा १०० ग्रॅमपर्यंत – ४ ते ५ टक्के
▪️ १०० ते ३०० ग्रॅम – ३ टक्के
▪️ ३०० ते ६०० ग्रॅम – २ ते २.५ टक्के
▪️ ६०० ग्रॅमच्या पुढे – १.५ ते २ टक्के

*उदाहरण:* तळं ३० बाय ३० मीटर, म्हणजे ९०० चौरस मीटर, साधारण ९ गुंठे. बोटुकली सोडली ९००. त्यातली ८० टक्के जगली असं धरलं तर ७२० मासे. वीस माशांचं वजन ४ किलो भरलं, म्हणजे एक मासा २०० ग्रॅमचा.
७२० × २०० ग्रॅम = १४४ किलो मासा.
१४४ किलोचे ३ टक्के = *रोज ४.३ किलो खाद्य.*
सकाळी निम्मं, दुपारनंतर निम्मं. बस.

*५) आता खरा आकडा काढू*

समजा घरचं मिश्रण ३५ रुपये किलोने पडतं. (आपल्याकडचा चालू भाव घालून तुम्ही स्वतः हिशेब करा.) पहिले पंधरा दिवस रोज ४.३ किलो टाकलं. पुन्हा वजन केलं तर मासा २५० ग्रॅमचा, म्हणून पुढचे पंधरा दिवस रोज ५.४ किलो. महिन्याचं खाद्य झालं साधारण १४५ किलो. महिनाअखेर मासा ३०० ग्रॅमचा झाला. एकूण वाढ: ७२० × १०० ग्रॅम = ७२ किलो.

१४५ भागिले ७२ म्हणजे २. एक किलो वाढीला दोन किलो खाद्य लागलं. यालाच एफसीआर म्हणतात. खर्च: *किलोला ७० रुपये.*

शेजारचा शेतकरी हेच मिश्रण वजन न करता पाटीने टाकतो. पाटी वजन केली तर ८ किलोची. महिन्याला २४० किलो. मासा तेवढाच वाढला, कारण तो भुकेपेक्षा जास्त खात नाही. एफसीआर ३.३, खर्च *किलोला ११७ रुपये.*

तिसरा शेतकरी दुकानातलं तरंगतं गोळीखाद्य घेतो. भाव ५५ रुपये किलो धरू. ते कमी वाया जातं आणि पचतंही चांगलं, म्हणून एफसीआर १.५ धरला तर खर्च *किलोला ८२ ते ८३ रुपये.*

म्हणजे काय? ३५ रुपयांचं मिश्रण ५५ रुपयांच्या गोळीखाद्यापेक्षा स्वस्त पडतं, पण मोजून टाकलं तरच. पाटीने टाकलं तर तेच महागात जातं. ज्याला रोज भिजवणं, कालवणं, मोजणं जमणार नाही, त्याने गोळीखाद्य घेतलेलं बरं. ज्याच्या घरात हे करायला माणूस आहे, त्याने घरचं मिश्रण करावं. दोन्ही रस्ते बरोबर आहेत. न मोजता टाकणं तेवढं चूक.

*६) कसं टाकायचं?*

▪️ *खाद्याचा ट्रे:* बांबूची चौकट करून तळाला बारीक जाळी शिवा, चारी कोपऱ्यांना दोऱ्या बांधा आणि त्यात गोळे ठेवून पाण्यात सोडा. तळ्यात तीन-चार ठिकाणी, वेगवेगळ्या खोलीवर. दोन तासांनी वर ओढून पाहा. साफ असेल तर उद्या थोडं वाढवा. उरलं असेल तर तेवढं उद्या कमी करा. हा ट्रे तुमचा मुकादम आहे, तो खोटं बोलत नाही.
▪️ *गोणी पद्धत:* आंध्रात कोल्लेरूच्या भागातले मत्स्यशेतकरी प्लास्टिकच्या गोणीला खालच्या बाजूला भोकं पाडतात, त्यात कोंडा-पेंड भरून गोणी बांबूला बांधून पाण्यात अर्धी बुडवून ठेवतात. मासा भोकातून लागेल तेवढंच ओढून खातो. आपल्याकडेही सहज जमतं. गोणी स्वच्छ असावी, खताची किंवा औषधाची नको.
▪️ जागा आणि वेळ रोज तीच ठेवा. पहिलं खाद्य ऊन चढल्यावर नऊ-दहाला, दुसरं चारच्या सुमारास. भल्या पहाटे टाकू नका, त्या वेळी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो.

*७) फुकटचं खाद्य: हिरवं पाणी*

हलकं हिरवं पाणी म्हणजे माशाचं नैसर्गिक खाद्य, कटल्याचं तर मुख्य. परीक्षा सोपी आहे. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. कोपर बुडताना तळहात दिसेनासा झाला तर पाणी बरोबर आहे. कोपर बुडूनही तळहात स्वच्छ दिसतो, तर पाण्यात नैसर्गिक खाद्य कमी आहे. मनगटाच्या थोडं वरच हात दिसेनासा झाला, तर पाणी फार गडद आहे. शेण-खत लगेच थांबवा, खाद्य निम्मं करा.

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या तळ्याला प्लास्टिक अस्तर आहे. तिथे पाण्याचा मातीशी संबंध येत नाही, त्यामुळे नैसर्गिक खाद्य कमी तयार होतं. अशा तळ्यात बाहेरच्या खाद्यावर भिस्त जास्त, म्हणून मोजमाप अजून काटेकोर हवं.

*८) खाद्य कधी थांबवायचं?* ⚠️

▪️ सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले, तर त्या दिवशी खाद्य बंद. मोटर लावून पाणी फवाऱ्यासारखं उंचावरून तळ्यात पाडा. तळाला सडणारं उरलेलं खाद्य पाण्यातला प्राणवायू खातं. रात्रीत तळं उलटतं आणि वर्षाची मेहनत सकाळी पांढरी होऊन तरंगते. बऱ्याचदा त्याची सुरुवात आदल्या आठवड्यातल्या जास्तीच्या पाटीपासून झालेली असते.
▪️ सलग ढगाळ दिवस असतील तर निम्मं टाका.
▪️ पौष-माघात पाणी गार पडलं की माशाची भूक मंदावते. पाणी २० अंशांच्या खाली गेलं तर दिवसातून एकदाच, दुपारी, थोडं.
▪️ विक्रीसाठी मासा काढायच्या आदल्या दिवशी खाद्य बंद. पोट रिकामं असलेला मासा वाहतुकीत जास्त टिकतो.

*या आठवड्याचं काम* ✅

१. रोजची पाटी एकदा काट्यावर ठेवून तिचं वजन करा.
२. वीस मासे धरून सरासरी वजन काढा.
३. वहीत चार रकाने आखा: तारीख, टाकलेलं खाद्य, सरासरी वजन, जगलेल्या माशांचा अंदाज.
४. वहीच्या पानाचा फोटो आपल्या गटात पाठवा. एकमेकांचा एफसीआर शेजारी ठेवून पाहिला की कोणाचं कुठे वाया जातंय ते लगेच कळेल. पेंड-कोंडा एकत्र घ्यायचा की गोळीखाद्य, हेही मग अंदाजाने न ठरवता वहीवरून ठरवता येईल.

हा संदेश जपून ठेवा. ज्या सभासदाच्या फोनवर येत नाही, त्याला वाचून दाखवा.

🙏 आपली शेतकरी उत्पादक कंपनी