अण्णा, ती श्यांपेन द्या

बिदरच्या कोळार औद्योगिक वसाहतीजवळ माझं किराणा दुकान आहे. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड आणि उधारी मागताना दख्खनी, असा आमचा कारभार. औषधांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत पाळीनं राबणारी माणसं माझं गिऱ्हाईक. कुणी भालकीकडचं, कुणी औरादचं, कुणी हद्दीपलीकडून उदगीर-निलंग्याहून आलेलं. लेकराचा वाढदिवस असला किंवा डिसेंबर सरत आला की एक माल हमखास उठतो. निमुळत्या गळ्याची, सोनेरी पाण्याची, फसफसणारी बाटली. आत सफरचंदाचा रस, साखर आणि गॅस. लेकरं फळीकडे बोट दाखवून म्हणतात, "अण्णा, ती श्यांपेन द्या."

यावर दोन बापांत दुकानासमोर वाद झालेलेही पाहिलेत. एक म्हणतो, "रसच आहे की हो, त्यात काय बिघडतंय?" दुसरा म्हणतो, "आज ही बाटली, उद्या ती." गल्ल्यावर बसून मला जे उमगलं ते दोघांच्याही मधलं आहे. ते क्रमानं सांगतो.

१. लेकरू चवीची नव्हे, रीतीची नक्कल करतं.

एकदा दुकानाच्या ओट्यावरच पोरांची पार्टी रंगली. बाटली खळखळून हलवली, बुच उडवलं, कागदी पेले तिरपे धरून फेस न येऊ देता ओतलं. 'चिअर्स' झालं. मग एकजण पाय ओढत झुलू लागला. दुसऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकून जड जिभेनं सांगितलं, "तू माझा सख्खा भाऊ आहेस." आम्ही मोठे हसलो. पण त्यांच्यातल्या एका मुलीनं पेला घेतलाच नव्हता. ती झुलणाऱ्याला हाताला धरून भिंतीकडे नेत होती आणि दबक्या आवाजात म्हणत होती, "आता गप झोपा, लेकरं उठतील." हसू तिथंच थांबलं. ते वाक्य काही सफरचंदाच्या रसातून आलेलं नव्हतं. पेला तिरपा धरण्यापासून बायकोच्या दबक्या आवाजापर्यंत सगळं पोरांनी घरी, लग्नाच्या मांडवामागं नाहीतर गल्लीत पाहिलेलं होतं. बाटली जप्त केल्यानं ते पुसलं जात नाही.

२. फळीवरच्या सगळ्या बाटल्या सारख्या नसतात.

'अ‍ॅपी फिझ' २००५ साली बाजारात आलं ते श्यांपेनच्या घाटाच्या बाटलीतच. पुढं माल्टच्या चवीची शीतपेयं आली. त्यानंतर बड्या बिअर कंपन्यांनी आपल्याच नावाची 'शून्य' बिअर आणली. २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ०.५ टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असेल तरच ते मद्य. त्यामुळं शून्यवाल्या बाटलीला दारूचा परवाना लागत नाही, पण नाव, रंग आणि शिक्का मात्र खऱ्या बिअरचाच. टीव्हीवर दारूची जाहिरात करायला १९९४ च्या केबल नियमांनी मनाई आहे. तरी सोडा आणि पाण्याच्या नावाखाली ती नावं आपल्या बैठकीत येतातच. जपानात तर मुलांसाठी म्हणून बिअरसारखं फेसाळ पेय खास बाटलीत विकतात. आपल्याकडंही टोकाला लाल रंग लावलेली गोड सिगारेट ओठांत धरून एक अख्खी पिढी वाढली.

मी माझ्यापुरता नियम केला आहे. फळाच्या नावाचं पेय कुणालाही देतो. बिअरच्या नावाचं पेय, मग ते शून्य असो की आणखी काही, लेकराच्या हाती देत नाही. फळाच्या बाटलीचं वय वाढत नाही. बिअरवाल्या नावाला मात्र लेकरू मोठं होण्याची वाटच पाहायची असते.

३. उलटी नक्कल जास्त धोक्याची.

लेकरांच्या पेयानं दारूचं सोंग घेतलं की आपण ओरडतो. दारूनं लेकरांच्या पेयाचं सोंग घेतलं त्याकडं कुणी पाहत नाही. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायीवर, म्हणजे स्वस्त देशी दारूवर, बंदी आली. सारायीची पाकिटं गेली आणि त्या जागी स्वस्त व्हिस्कीचे ९० मिलीचे चौकोनी कागदी डबे आले. हातात घेतले तर आंब्याच्या रसाचा डबा आणि हा डबा, आकारात डावं-उजवं करता येत नाही. दप्तरात टाकला तर मास्तरला कळायचा नाही. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात एका खटल्याच्या निमित्तानं न्यायमूर्तींनीही नेमकी हीच काळजी बोलून दाखवली. सरकारच्या एमएसआयएल कंपनीच्या 'लेखक' वह्या लेकरं शाळेत नेतात आणि त्याच एमएसआयएलची दारूची दुकानंही गावोगाव आहेत. तेव्हा सगळा भार सरकारवर टाकून चालायचं नाही. बोळात पडलेले रिकामे डबे गोळा करून दुकान-दुकान खेळणारी पोरं मी पाहिली आहेत. एवढं तरी प्रत्येक लेकराला शिकवा की आपल्या हातानं न फोडलेला डबा तोंडाला लावायचा नाही, मग त्यावर चित्र कसलंही असो.

४. औषधाच्या नावानं आपणच पाजत आलो.

'आमच्या घराण्यात कुणी शिवलं नाही' असं म्हणणाऱ्यांनी जरा कपाट उघडून पाहावं. १८५१ साली इंग्लंडात निघालेल्या वुडवर्डच्या ग्राइप वॉटरमध्ये ३.६ टक्के अल्कोहोल असायचं. तिथं ते १९९२ मध्ये काढून टाकलं आणि आता आपल्याकडंही ते बिनअल्कोहोलचं मिळतं. आयुर्वेदातलं अरविंदासव तर बालरोगांसाठीच सांगितलेलं. कुठलंही आसव-अरिष्ट आंबवूनच होतं, त्यामुळं त्यात आपोआप अल्कोहोल तयार होतं आणि बाटलीवर तसं छापलेलंही असतं. वैद्यानं सांगितलेल्या मापात घेतलं तर ते औषध. शेजारणीनं सांगितलं म्हणून चमचा-चमचा वाढवलं तर नाही.

सर्दीला ब्रँडीचे थेंब देणं मात्र सरळ बंद करा. ब्रँडीनं अंगात ऊब येते हा भास आहे. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटतं आणि प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर जाते. शिवाय लहान लेकराच्या रक्तातली साखर अल्कोहोलनं झपकन उतरू शकते. लेकरू शांत झोपलं म्हणून आजी समाधानानं म्हणते, "बघ, गुण आला." त्याला गुण आलेला नसतो, गुंगी आलेली असते.

५. नीरा आणि शिंदी एकाच झाडाची, हे लेकरांना दाखवून सांगा.

आमच्या भागात ओढ्याकाठानं शिंदीची झाडं आहेत. झाडाला खाच देऊन संध्याकाळी मडकं बांधायचं, आत चुन्याचा हात फिरवायचा आणि सूर्य उगवायच्या आत उतरवायचं. ती नीरा, गोड आणि कुणीही प्यावी अशी. चुना नसला, ऊन चढलं की हवेतलं किण्व त्या साखरेवर तुटून पडतं. दुपारपर्यंत त्याच रसाला आंबट वास येतो, फेस धरतो. ती झाली शिंदी. अलीकडं सीमाभागात तिच्यात क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची द्रव्यंही मिसळलेली सापडतात, म्हणजे झाडाचा दोष सुद्धा उरला नाही.

या झाडाला आमच्याकडं इतिहास आहे. निजामाच्या तिजोरीत अबकारीचा पैसा यायचा, म्हणून १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडं तोडायचा कार्यक्रम घेतला. त्याच्याही आठशे वर्षं आधी बसवकल्याणात बसवण्णांच्या शरणांमध्ये हेंडद मारय्या होता. त्याचा धंदा ताडी विकण्याचा, पण त्याला शरणांच्या पंगतीत जागा मिळाली. लेकरांना या दोन्ही गोष्टी सांगाव्यात. झाड तोडणारे कार्यकर्ते आपले आणि मारय्याही आपलाच. दारूला नाव ठेवताना माणसाला हलकं लेखायचं नाही, हे त्यातून आपोआप कळतं. आणि साखरेची दारू कशी होते हे ज्या पोराला ठाऊक आहे त्याला बाटलीचं गूढ वाटत नाही.

६. 'आपल्यात चालत नाही' हे उत्तर नव्हे.

माझ्या गल्लीत तिन्ही तऱ्हेची घरं आहेत. एक माळकऱ्याचं. तिथं तुळशीची माळ गळ्यात पडली की विषय संपला. दुसऱ्या घरात मरीआईला बाटलीचा नैवेद्य लागतो आणि उरलेला प्रसाद म्हणून जातो. तिसऱ्या घरात पेपरात गुंडाळलेली बाटली गोधड्यांच्या मागं असते आणि 'ते पप्पांचं औषध आहे' असं सांगितलं जातं.

पहिल्या दोन घरांतल्या लेकरांना निदान काय ते उघड दिसतं. तिसऱ्या घरात पोरगं दारू पिणं शिकायच्या आधी खोटं बोलणं शिकतं, कारण आईही त्याला शेजारी काय सांगायचं ते पढवते. माळकरी घरातही 'पाप लागतं' एवढ्यावर भागत नाही. पोरगं कारखान्यात लागलं, पहिला पगार झाला, चार मित्र जमले की पापाची भीती उतरते. त्याला कारण ठाऊक असावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं 'एवढं चालतं' असं कुठलंही सुरक्षित प्रमाण नाही. हे शास्त्र सांगा आणि त्याच्या जोडीला भावकीतल्या एखाद्या चुलत्याचं काय झालं तेही, नाव घेऊन, न लाजता.

७. दारू आधी उधारीच्या वहीत दिसते.

गल्लीला कळायच्या आधी मला कळतं. वहीतलं दूध अर्ध्या लिटरवर येतं, मग अंडी बंद होतात. तेल डब्यातून न जाता दहा रुपयांच्या पाकिटातून जाऊ लागतं. शेवटी लेकराला चिठ्ठी देऊन पाठवतात, कारण आईला स्वतः यायची लाज वाटते. असं लेकरू चिठ्ठी देतं, सामान घेतं आणि मुकाट्यानं निघतं. खोट्या दारूचा खेळ ते कधी खेळत नाही, दुसरी पोरं झुलायला लागली की बाजूला होतं. 'श्यांपेन' मागणाऱ्या पोराची चिंता करणाऱ्यांनी या गप्प पोराकडं आधी पाहावं. त्याला कुणी नक्कल शिकवलेली नाही. घरी अस्सल आहे.

८. बंदीपेक्षा बदल चालतो.

सणासुदीला काहीतरी फसफसणारं, आवाज करणारं हवं, ही लेकरांची हौस रास्त आहे. ती गोटी सोड्यानं भागते. हिराम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ मध्ये गोटीच्या बुचाची ही बाटली काढली आणि ती आपल्या जत्रांमध्ये अशी रुळली की आता ती परकी कुणाला वाटत नाही. अंगठ्यानं गोटी दाबली की जो 'टक्क' होतो त्यापुढं बुच उडवणं फिकं. उन्हाळ्यात पन्हं, रसवंतीवर आलं-लिंबू घातलेला उसाचा रस, लग्नात मठ्ठा. यातलं काहीही प्यायलं तरी लेकराला कुणाचं सोंग घ्यावं लागत नाही. आणि 'चिअर्स' ओरडले म्हणून कानफटात मारू नका. ओरडणं हा गुन्हा नाही. मारलंत तर त्या शब्दाला उगाच वजन येतं.

एवढं सगळं सांगूनही मी सफरचंदाची ती बाटली विकतो आणि विकत राहीन. ती घरी नेण्यात मला वावगं दिसत नाही. फक्त पुढं लेकरानं विचारलं, "पप्पा, तुमच्या बाटलीत काय असतं?" तर त्याला उद्यावर ढकलू नका आणि 'औषध' म्हणू नका. पीत असाल तर पितो म्हणा, सोडायचं जमत नसेल तर जमत नाही म्हणा. खोट्या बाटलीनं लेकरू बिघडत नाही. खोट्या उत्तरानं बिघडतं.