ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव : एक चरित्रपाठ

(इयत्ता ४ थी व ५ वी)

प्रास्ताविक

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील मुलांना आखाडा अपरिचित नाही. गावच्या यात्रेत हलगी कडाडते, प्रथम लहानग्यांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात आणि मागून मोठे मल्ल उतरतात. अलीकडे काही शाळांतून कराटेही शिकविले जाते. विद्या कोणतीही असो, तिच्यात नुसत्या बळापेक्षा शिकवण श्रेष्ठ असते. हे मुलांच्या मनावर ठसविण्यास खाशाबांचे चरित्र फार उपयोगी आहे. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास हा पाठ घ्यावा.

पूर्वतयारी

कराड व कोल्हापूर ही गावे राज्याच्या नकाशावर, तर लंडन व हेलसिंकी ही शहरे जगाच्या नकाशावर मुलांकडून शोधून घ्यावीत.

विषयविवेचन

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर येथे शेतकरी कुटुंबात झाला. वडील स्वतः मल्ल होते. तेच खाशाबांचे पहिले गुरू. खाशाबांची अंगलट आडदांड नव्हती. चपळाई आणि डावांची जाण हेच त्यांचे बळ. ‘ढाक’ हा त्यांचा हातखंडा डाव होता.

१९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले. आपली कुस्ती लाल मातीतली. तेथे मात्र गादीवर आणि निराळ्या नियमांनी लढावयाचे होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. पराभवाने खचून न जाता त्यांनी गादीवरच्या कुस्तीचा कसून अभ्यास केला.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता. गावकऱ्यांनी व स्नेह्यांनी यथाशक्ती वर्गणी दिली. तरी रक्कम अपुरी पडली. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. येथे वाचन क्षणभर थांबवावे व मुलांना विचार करू द्यावा.

हेलसिंकीत ५७ किलो वजनगटात त्यांची गाठ जपानच्या शोहाची इशी याच्याशी पडली. इशी मूळचा ज्यूदोपटू होता. युद्धानंतर जपानात ज्यूदोवर निर्बंध आल्याने तो कुस्तीकडे वळला होता. ही लढत खाशाबा हरले. पुढे पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले व तीही कुस्ती गेली. तथापि कांस्यपदक त्यांनी मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्काराचा गलबला ओसरल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले आणि त्या उत्पन्नातून गुरुजनांचे गहाण घर सोडविले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मृत्यूनंतर दीड दशक उलटून गेल्यावर.

प्रश्न

१. लंडनला खाशाबांना कोणती अडचण आली? तिच्यावर त्यांनी कोणता उपाय केला?
२. प्राचार्यांनी घर गहाण का ठेवले असावे?
३. खाशाबांनी परतल्यावर प्रथम कोणते कर्तव्य पार पाडले?

शिक्षकांस सूचना

शाळाभेटींत एक गोष्ट वारंवार आढळते. केंद्रपातळीवर जिंकलेले मूल तालुक्याच्या स्पर्धेस येत नाही. चौकशी करता कळते, की गाडीभाड्याची सोय झाली नाही, अथवा त्या दिवशी कांदालागण होती. मुलगी असेल तर सोबत कोण जाणार, येथेच गोष्ट थांबते. आपणांस घर गहाण ठेवावयाचे नाही. आदल्या दिवशी पालकांच्या घरी जाऊन बोलावे, शाळा व्यवस्थापन समितीत प्रवासखर्चाचा विषय मांडावा आणि मुलाबरोबर स्वतः जावे. खाशाबांचा पाठ वर्गात वाचून संपतो. त्याचा खरा गृहपाठ मात्र शिक्षकाचा आहे.