पंप नंतर, पिशवी आधी

म्यानं, चष्म्याची घरं, मीटरटेपची पाकिटं असं साच्यावर ओढून घडवलेलं चामडी सामान घरीच करायचं तू मनावर घेतलंस आणि आता पंप बघायला निघालीस. चांगलं आहे. पण जाण्याआधी दोन गोष्टी ऐकून जा, कारण दुकानदार ज्या गोष्टींचं कौतुक करून जास्त पैसे सांगेल त्या आपल्या कामाला फारशा लागत नाहीत.

एक म्हणजे पंप पाऱ्याच्या किती इंचांपर्यंत ओढतो. पोरी, साच्यावर कातडं ठेवून बंद केलेल्या पिशवीतली हवा पंप बाहेर काढतो एवढंच. कातड्याला साच्यावर दाबते ती बाहेरची हवा, आणि तिचा जोर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, त्याच्या वर कुठलाही पंप नेऊ शकत नाही. गेजचा काटा 25 इंचांवर आला की 0.86 किलो दाब मिळाला. दोन टप्प्यांचा भारी पंप घेऊन उरलेले दोन-तीन इंच मिळवलेस तरी कातड्याला त्याची जाणीवही होणार नाही. शिवाय आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. इथे हवाच जरा विरळ, त्यामुळे चांगल्यातला चांगला पंपही 28 इंचांच्या आसपास थांबतो. इथल्या दुकानात गेज 29 दाखवत असेल तर समज, गेज बिघडलाय.

या एक किलोला कमी मात्र लेखू नकोस. 15 बाय 20 सेंटिमीटरच्या पाकिटावर 25 इंचांना अडीचशे किलोंच्या वर भार पडतो. म्हणून साचा भरीव हवा, सागाचा किंवा शिसवीचा. पोकळ प्लॅस्टिकचा डबा, चष्मा, मोबाईल यांतलं काही आत ठेवून पंप चालू करायचा नाही. त्याच मापाचा लाकडी ठोकळा करून घे. सतराव्या शतकात जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या ओटो फॉन गेरिकेने तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली, तेव्हा दोन्ही बाजूंनी घोडे जुंपूनही ते सुटेनात. त्या दोन अर्धगोलांच्या मधे हवाबंद बसावी म्हणून त्याने मेण आणि टर्पेंटाइन पाजलेली चामड्याची कडी घातली होती. आपल्या धंद्याचा माल त्या प्रयोगातही होता, हे मला फार आवडतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पंप मिनिटाला किती हवा खेचतो. 30 बाय 40 सेंटिमीटरची पिशवी हाताने दाबून चपटी केलीस की आत दोन-तीन लिटर हवा उरते. मिनिटाला दहा-पंधरा लिटर ओढणारा लहानसा पंपही ती थोड्याच वेळात काढतो. मोठा पंप लागतो तो गळकी पिशवी सांभाळायला. त्यापेक्षा गळती बंद कर.

मग पंपात बघायचं काय? ओल. आपण पिशवीत भिजवलेलं कातडं ठेवतो, आणि हवा विरळ झाली की पाण्याची वाफ व्हायला वेळ लागत नाही. 30 अंश तापमानाला पिशवीत पाऱ्याचा 32 मिलिमीटर दाब उरला की पाणी चुलीशिवाय उकळतं. ती वाफ नळीतून थेट पंपात जाते. एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो तो तेलाचा रोटरी पंप स्वस्तही असतो आणि सगळीकडे मिळतोही, म्हणून लोक तोच उचलतात. पण तो कोरड्या कामासाठी बनलाय. ओल आत गेली की त्याचं तेल ताकासारखं पांढरं होतं, मग तो ओढेनासा होतो आणि आतून गंजतो. कुणी फुकट दिलाच तर नाही म्हणू नकोस. गॅस बॅलास्टची चकती, म्हणजे वाफ बाहेर जायची झडप, असेल तर ती उघडी ठेवून चालव, पंपावरच्या खिडकीतून तेलाचा रंग बघत राहा आणि पांढरट दिसलं की त्याच दिवशी तेल बदल. पण पैसे मोजून तो घेऊ नकोस.

फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर भंगारात मिळतो, आवाज नाही, ओढतोही जोरात. तरी मी तुला तो सांगणार नाही. फ्रिजमधला गॅस मेकॅनिककडूनच काढून घ्यावा लागतो, आणि नव्या फ्रिजमधला आयसोब्युटेन तर पेट घेणारा. वर ओलीने तो गंजतो, तोंडातून तेल फेकतो, आणि फ्रिजमधून सुटला की त्याची विजेची टोकं उघडी पडतात.

घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची ताकद चौरस सेंटिमीटरला पाव किलोही नसते. दीड मिलिमीटरच्या आतलं मऊ कातडं आणि उथळ साचा असेल तर त्यावर हात बसवायला ठीक. पण बऱ्याच क्लीनरची मोटर ओढलेल्या हवेनेच थंड होते. तोंड बंद झालं की ती तापते. म्हणून अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही.

तुझ्यासाठी दोन रस्ते बरे. पहिला, बिनतेलाचा डायाफ्राम किंवा पिस्टन पंप. 20-22 इंच ओढला तरी भरपूर झालं. तेलच नाही म्हणजे बिघडायला तेल नाही, आणि डायाफ्रामचं रबर फाटलं तर नवं बसवता येतं. घेण्याआधी ते रबर आणि झडपा सुट्या मिळतात का, एवढं विचार. मिळत नसतील तर पंप कितीही स्वस्त असो, घेऊ नकोस.

दुसरा रस्ता आपल्या भागातला, आणि मला तो जास्त पटतो. गोठ्यातलं दूध काढायचं जुनं मशीन. कोल्हापूर-सांगलीकडे जनावरं विकली किंवा गोठा मोठा केला की ही लहान मशीनं पडून राहतात. त्यांचा व्हॅक्यूम 12 ते 15 इंचांवर ठरवलेला असतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळपास अर्धा किलो. दोन मिलिमीटरपर्यंतच्या कातड्याला तेवढा पुरतो, उरलेली धार हाताने काढायची. ओलसर हवा ओढायला तो पंप तयारच असतो, रोज तासन्तास चालायला बांधलेला असतो, आणि सोबत गेज, दाब ठरवणारा व्हॉल्व्ह, जाड रबरी नळ्या हे सगळं येतं. शिवाय दुधाची स्टीलची बादली येते. ती व्हॅक्यूम सोसायलाच घडवलेली असते. पिशवी आणि पंप यांच्या मधे ती ठेवलीस की पाणी बादलीत थांबतं आणि पंपापर्यंत पोचत नाही. घ्यायला जाशील तेव्हा बादलीच्या झाकणाचं रबर बघ. चिरा पडल्या असतील तर नवं रबर मिळतं, त्यासाठी सौदा मोडू नकोस. पंपाच्या दांड्याला बाजूने हलवून मात्र बघ. खडखडला तर बेअरिंग गेलंय.

डायाफ्राम पंप घेतलास तर पाणी अडवायला असा सापळा वेगळा करावा लागेल. पाण्याच्या फिल्टरला आधी लावतात ते दहा इंची पारदर्शक भांडं घे, काही शे रुपयांत मिळतं. आतली कांडी काढ, दोन्ही तोंडांना नळीचे जोड बसव, धाग्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळ. नळाचा दाब सोसणारं भांडं व्हॅक्यूमलाही पुरतं, आणि तळाशी पाणी किती जमलं ते बाहेरून दिसतं. काचेची बरणी वापरू नकोस. फुटली तर काचा आत ओढल्या जाऊन चौफेर उडतात.

अगदीच कमी पैशांत सुरुवात करायची असेल तर गॅरेजवाले ब्रेकमधली हवा काढायला वापरतात तो गेजवाला हातपंप आण. हात भरून येतो, पण चष्म्याच्या घराएवढ्या पिशवीला तो चांगला काटा चढवतो. सायकलच्या जुन्या पंपातला चामड्याचा वायसर उलटा बसवला आणि झडप फिरवली तर तोही हवा भरायच्या ऐवजी ओढायला लागतो.

आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जुना पंप बघायला जाशील तर स्वतःचा गेज, एक टी जोड आणि एक बॉल व्हॉल्व्ह घेऊन जा. पंपाला जोड, पलीकडचं तोंड बूच मारून बंद कर, चालू कर. काटा चढून स्थिर झाला की व्हॉल्व्ह बंद करून मगच पंप बंद कर. काटा घसरला तर गळती तुझ्या जोडात आहे. घसरला नाही तर पुन्हा चालू कर आणि चहा पिऊन ये. गरम झाल्यावर पंप तेवढंच ओढतो की नाही, हे बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

वाचलेले पैसे पिशवीवर घाल. कपडे ठेवायच्या झिपच्या पिशव्या सुरुवातीला चालतात, पण झिपेत धागा अडकला की गळतात. त्यापेक्षा पंक्चरवाल्याकडून ट्रकची टाकलेली ट्यूब आण. ब्यूटाइल रबर हवा धरून ठेवतं, म्हणून तर ट्यूब त्याची करतात. ती उभी कापून, धुऊन, लाकडी चौकटीवर ताणून बसव. खाली लॅमिनेट लावलेली फळी, तिच्या मधोमध एक भोक आणि त्याला खालून नळी. चौकटीला खालून फोमची पट्टी चिकटव. काळ्या रबराचा डाग ओल्या कातड्यावर उठतो, म्हणून मधे पातळ प्लॅस्टिक घाल.

फळीवर साच्याखाली मच्छरदाणीची जाळी अंथरायला विसरू नकोस. जाळी नसेल तर रबर नळीच्या तोंडावर आधी चिकटतं, हवा साच्याच्या कडेला अडकते, आणि गेज 20 इंच दाखवत असतानाही कोपरे भरत नाहीत. जाळी कातड्याच्या वर घालायची नाही, तिची नक्षी कायमची उमटते. खाद्यपदार्थ सील करायच्या मशीनच्या पिशव्यांनाही एका बाजूला अशी नक्षी असते. त्या वापरल्यास तर गुळगुळीत बाजू कातड्याच्या दाण्याकडे कर.

कातडं सालीनेच कमावलेलं हवं, बाभळीची साल किंवा हिरडा. क्रोमचं कातडं आकार धरत नाही, सुटलं की पुन्हा पसरतं. चपलेच्या तळाचं म्हशीचं जाड कातडंही या कामाला नको, दीड ते दोन मिलिमीटरचं घे. साध्या पाण्यात बुडव, बुडबुडे थांबले की काढ, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेव. सकाळी रंग जवळजवळ कोरड्यासारखा आणि हाताला गार लागला की ते तयार. टपटपतं कातडं पिशवीत घातलंस तर आकार तर नीट येत नाहीच, सापळाही भरतो. गरम पाणी नको, कातडं आक्रसून कडक होतं.

आणि लोखंड. साच्यात खिळा, खाली पत्रा, म्यानासाठी उघडी सुरी, यांतलं काहीही ओल्या कातड्याला लागलं की निळा-काळा डाग पडतो. हिरड्यात हिराकस घालून शाई करायचे, तीच शाई इथे कातड्यात तयार होते आणि धुऊन जात नाही. सुरीला तेल लावून प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळ, खिळे पितळेचे वापर.

काटा चढला की व्हॉल्व्ह बंद कर आणि पंपही बंद कर. गळती नसेल तर पंप चालू ठेवायचं कारण नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी उघड. पिशवीत कातडं वाळत नाही, तिथे त्याला आकार फक्त समजतो. साच्यावरून न काढता हाडाच्या नाहीतर शिसवीच्या बोथट पट्टीने कडा आणि कोपरे दाबून घे. ही पाच-दहा मिनिटं पंपाच्या जोरावर सोडू नकोस, माल चांगला की साधा ते इथेच ठरतं. मग साच्यासकट सावलीत ठेव, पंख्याखाली चालेल, उन्हात नको. पावसाळ्यात दोन दिवसही लागतात. लवकर उतरवलंस तर तोंडाकडची बाजू आत वाकते.

काम झालं की सापळ्यातलं पाणी ओत, नळी काढ आणि पंप पाच मिनिटं मोकळ्या तोंडाने चालव म्हणजे आतली ओल निघून जाईल. पंपाची पिन अर्थिंगची असू दे, आणि तो फळीच्या खाली नको, वर ठेव. पाणी सांडलं तर ते खालीच जाणार.