मूकपटांचे वादक

‘मूकपट’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, त्या काळी चित्रपटगृहात शांतता नांदत असावी असाच आपला समज होतो. वस्तुतः मुका होता तो पडदा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली. थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले, तेव्हा त्यांना वाद्यवृंदाची साथ होती.

३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढे मुंबईत दोन तऱ्हांची साथ रूढ झाली. विलायती चित्रपटांना पियानो व व्हायोलिन, तर देशी चित्रपटांना पेटी आणि तबला. पाठलाग सुरू झाला की लय चढवायची, ताटातूट झाली की उतरवायची. नजर पडद्यावर आणि हात वाद्यावर, असे हे काम होते.

पाश्चात्य वाद्ये वाजविण्यात गोमंतकीय ख्रिस्ती वादक वाकबगार. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकविले जाई. समोरचा कागद वाचून वाजविण्याची ही विद्या त्यांना मुंबईत पोटाला उपयोगी पडली.

याच सुमारास अमेरिकेत अशाच थिएटरांतून जॅझ वाढत होते. शिकागोच्या व्हेन्डोम थिएटरात अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात १९२५ च्या अखेरीस लुई आर्मस्ट्राँग दाखल झाला. हार्लेमच्या लिंकन थिएटरात फॅट्स वॉलर, तर कॅन्सस सिटीत काउंट बेसी मूकपटांना ऑर्गनची साथ करी. पण १९२७ साली ‘द जॅझ सिंगर’ आला आणि ज्याच्या नावातच जॅझ, त्या बोलपटापासून थिएटरातील वादकांच्या पोटावर पाय येण्यास सुरुवात झाली. पुढील काही वर्षांत तेथे हजारो वादक बेकार झाले.

आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला. त्याच्या चित्रीकरणात गाणे आणि साथ एकाच वेळी ध्वनिमुद्रित करावी लागे. म्हणून वादकांना कॅमेऱ्याच्या नजरेआड लपवून बसवीत. थिएटरात लोकांसमोर बसणारा वादक आता दिसेनासा झाला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

विद्या मात्र वाया गेली नाही. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकन जॅझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्या काळातील अशा वाद्यवृंदांकडून गोमंतकीय वादकांनी जॅझ उचलले. त्यांतील ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्र यांचा साहाय्यक झाला. ‘अलबेला’ (१९५१) मधील गाण्यांत त्या सहवासाची खूण ऐकू येते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांनी हिंदी चित्रपटसंगीताला स्वरलेखनाची शिस्त दिली. तरीही चित्रपटांच्या श्रेयनामावलीत बहुतेक वादकांची नावे येत नसत.

आमच्या आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत नवे यंत्र आले की जुन्या कारागिराचे काय, हा प्रश्न कोणाला समजावून सांगावा लागत नाही. यंत्र अडवून धरावे, असे मी म्हणत नाही. परंतु ज्यांच्या हातांवर एक कला उभी राहिली, त्यांची नावे तरी टिपली जावीत. मूकपटांचे वादक आता हयात नाहीत. चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून आयुष्य घालविलेले वृद्ध वादक मात्र आजही भेटू शकतात. त्यांच्या आठवणी लिहून घेण्याचे काम आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगे आहे.