स्कॅनआधी श्वासाचा सराव कशाला?

प्रश्न : बाबांना उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात कॅन्सर आहे. रेडिएशनआधीच्या स्कॅनसाठी नागपूरला बोलावलंय आणि घरी श्वासाचा सराव करायला सांगितलाय. एवढं मोठं यंत्र, श्वासानं त्याचं काय बिघडतं?
– एक वाचक, वलगाव

उत्तर : बिघडतं, आणि बरंच. खालच्या भागातली गाठ श्वासपटलाजवळ असते. दर श्वासाला ती 1-2 सेंटिमीटरही वर-खाली सरकू शकते. साधा सीटी स्कॅन काही सेकंदांत उरकतो, तिथे श्वास रोखून भागतं. पेट स्कॅनला मात्र 15-20 मिनिटं लागतात. तेवढ्यात गाठीच्या कडा पुसट होतात, ती आहे त्याहून मोठी आणि फिकी दिसते.

रेडिएशनच्या आखणीसाठी बहुधा फोर-डी सीटी करतील. पोटावर हलकी डबी ठेवतात, कॅमेरा तिची हालचाल टिपतो आणि संगणक चित्रं श्वासाच्या टप्प्यांनुसार, बहुतेकदा 10 टप्प्यांत, लावतो. एक श्वास लांब, दुसरा तोकडा झाला की तुकडे जुळत नाहीत. गाठ मधेच तुटल्यासारखी दिसते.

बाबांना उताणं झोपवा, हात डोक्यावर घ्यायला सांगा आणि त्यांच्याच नेहमीच्या लयीत ‘घ्या... सोडा’ म्हणत राहा. प्राणायाम नको! मुद्दाम खोल श्वास घेणारा लवकर दमतो, मग लय सुटते. खोकल्याची उबळ येत असेल, खांदा दुखत असेल, तर टेक्निशियनला आधीच सांगा. सूचना मराठीतच द्या, हेही बिनधास्त सांगा. काही ठिकाणी श्वास रोखून उपचार करतात. त्याचा सराव वेगळा, तेव्हा आपला कोणता ते फोन करून विचारून घ्या.