परत येणारी पिशवी : जुन्या कापडातून सामाईक वस्तूंचा जोडधंदा

जी वस्तू रोज लागत नाही, पण लागते तेव्हा तिच्यावाचून अडते, ती प्रत्येक घराने विकतच घ्यावी काय? आपल्या वाडवडिलांनी या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे. लग्नकार्याची मोठी पातेली, देगी, पराती आणि सतरंज्या गावकीच्या किंवा जमातीच्या मालकीच्या असत. ज्याच्या घरी कार्य असे तो वहीत नोंद करून त्या नेई, घासूनपुसून परत आणी आणि काही हरवले तर भरून देई. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवण्याची कलाही आपल्याकडे घरोघरी होती. एक रीत सामाईक वापराची आणि दुसरी टाकाऊतून टिकाऊ करण्याची. या दोन्ही रीती एकत्र आणल्या तर आजच्या काळात त्यातून एक लहान पण स्वच्छ जोडधंदा उभा राहू शकतो. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांतील शिलाई मशीनवाले, पिंजारी, भंगारवाले आणि महिला बचत गट यांनी या विषयाचा अभ्यास करावा, यासाठी हा लेख.

गरज कोठे आहे?

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद त्यात झाली. पुढे केंद्र सरकारच्या नियमांनी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीला देशभर मनाई केली. तरीही ग्राहक रिकाम्या हाताने बाजारात येतो आणि दुकानदार पेचात पडतो. पिशवी न द्यावी तर गिऱ्हाईक जाते, बंदी असलेली द्यावी तर दंडाची भीती आणि चांगली कापडी द्यावी तर नफा जातो.

या दोन तालुक्यांचा प्रश्न केवळ दुकानापुरता नाही. भाटघर आणि नीरा-देवघर ही धरणे भोरमध्ये, तर पानशेत, वरसगाव व गुंजवणी वेल्ह्यात. पानशेत-वरसगावचे पाणी खडकवासल्यात उतरून पुणे शहराला प्यायला जाते. राजगड आणि तोरणा हे किल्ले वेल्ह्यात आहेत. जुलै २०२५ मध्ये राजगडाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. चेलाडी फाट्याहून वेल्ह्याकडे वळणारा पर्यटक जी पिशवी आणि बाटली सोबत आणतो, ती तो मागे टाकून गेला, तर पावसाळ्यात ओढ्यावाटे धरणातच जाणार.

कच्चा माल : काय घ्यावे, काय टाळावे

जुन्या साड्या, चादरी, पडदे, जीन्स आणि टेलरकडील कात्रण हा सर्वांत सोपा माल होय. मोडक्या छत्रीचे कापड हलके असते व पाण्याला दाद देत नाही. ते पावसाळी पिशवीला उत्तम. निवडणुका आणि वाढदिवसांचे फ्लेक्स मजबूत असतात, पण त्यांचा उपयोग आच्छादन किंवा कचऱ्याची झोळी यापुरताच करावा; त्यात धान्य किंवा खाद्यपदार्थ ठेवू नयेत. खताची गोणी धुऊनही अन्नासाठी वापरू नये. कीटकनाशकाची पिशवी किंवा डबा तर कोणत्याच घरगुती कामासाठी हाती घेऊ नये.

प्लॅस्टिकचेही कापड होते. पुण्याच्या ‘री-चरखा’ या उद्योगात वापरलेल्या पिशव्या धुतात, वाळवतात, रंगानुसार निवडतात, त्यांच्या लांब पट्ट्या कापून चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर विणून बॅगा शिवतात. यात हुन्नर मोठा आणि माल देखणा. मात्र त्यासाठी माग, शिकलेले हात आणि शहरी ग्राहक हवा. नव्याने सुरुवात करणाऱ्याने प्रथम कापडापासूनच आरंभ करणे शहाणपणाचे.

विक्रीची वस्तू वेगळी, फेरीची वस्तू वेगळी

येथेच या धंद्याची खरी गुरुकिल्ली आहे. विकायची पिशवी ग्राहकाला इतकी आवडावी लागते की तो ती घरी ठेवील. फेरीची पिशवी परत यावी लागते. म्हणून ती घडवतानाच पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. सर्व पिशव्या एकाच मापाच्या असाव्यात. कापड वेगवेगळे असले तरी पट्टा एकाच ठळक रंगाचा असावा, म्हणजे ती सामाईक आहे हे लांबूनही ओळखू येते.

२. प्रत्येकीवर क्रमांक, परतीची ठिकाणे आणि अनामत रक्कम पक्क्या शाईने छापावी.

३. पट्टा पिशवीच्या तळाखालून फिरवून शिवावा. पिशवी बहुधा पट्ट्याच्या टाक्याशी फाटते. तळाखालून पट्टा गेला की वजन कापडावर न येता पट्ट्यावर येते.

४. अस्तर, चेन आणि शोभेची नक्षी नको. धुणे, वाळवणे आणि दुरुस्ती जितकी सोपी, तितके आयुष्य अधिक.

५. घडी करून खिशात मावेल अशी असावी. मोठी गाठोडी परत आणायचा लोक कंटाळा करतात.

६. परतीची जागा ग्राहकाच्या नेहमीच्या वाटेवर असावी. जेथून नेली तेथेच द्यावी, अशी सक्ती नसावी.

इतरांचा अनुभव

२०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील बर्ली हेड्स येथे ‘बूमरँग बॅग्ज’ ही चळवळ सुरू झाली. स्वयंसेवक जुन्या कापडाच्या पिशव्या शिवून दुकानांत ठेवीत. विसरलेल्या ग्राहकाने एक न्यावी व पुन्हा आणून द्यावी, अशी कल्पना. ती अनेक देशांत पोहोचली. परंतु तिचा आधार लोकांची आठवण आणि सद्भावना हाच होता. उलट जर्मनीच्या फ्रायबर्ग शहरात २०१६ मध्ये कॉफीचा सामाईक पेला एक युरो अनामतीवर देण्यात आला आणि तो शहरातील कोणत्याही सहभागी दुकानात परत करता येऊ लागला.

आपल्या देशातील दाखला निलगिरीचा. तामिळनाडूच्या त्या डोंगरी जिल्ह्यात मे २०२२ पासून दारूच्या बाटलीवर १० रुपये जादा घेऊन रिकामी बाटली आणल्यावर ते परत देण्याची पद्धत न्यायालयाच्या आदेशाने सुरू झाली आणि बहुसंख्य बाटल्या परत येऊ लागल्या. माल कोणता होता हे सोडून द्या, पद्धत पाहा. रानात फेकली जाणारी काच केवळ दहा रुपयांसाठी माघारी आली. आपल्या घरातील गॅसचा सिलिंडरही याच नियमाने फिरतो.

हिशेबाचा धडा

पुढील आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या गावचे दर घालून प्रत्येकाने पुन्हा मांडणी करावी. जुने कापड फुकट मिळाले तरी धुण्याचे ३, कापणे-शिवण्याचे १० आणि दोरा, पट्टा, शिक्का यांचे २, असे पिशवीला १५ रुपये पडतात. दर फेरीनंतर धुण्याचा खर्च १ रुपया.

दहा पिशव्या नेल्यावर नऊ परत येत असतील, तर एक पिशवी सरासरी दहा फेऱ्या करते. फेरीचा खर्च दीड अधिक एक, म्हणजे अडीच रुपये. दहापैकी आठ आल्या तर पाच फेऱ्या आणि खर्च ४ रुपये. दहापैकी पाचच आल्या तर अवघ्या दोन फेऱ्या आणि खर्च साडेआठ रुपये! परत येणे थोडे घटले की खर्च किती झपाट्याने चढतो, ते यावरून ध्यानात येईल. शिलाईत एक रुपया वाचविण्यापेक्षा दहापैकी एक पिशवी जास्त परत आणणे अधिक फायद्याचे.

आठवड्याला २०० फेऱ्या होतात आणि दुकानदार फेरीला ३ रुपये देतात असे धरू. जमा ६०० रुपये. धुण्याचे २०० आणि हरवलेल्या २० पिशव्यांच्या जागी नव्या करण्याचे ३०० वजा जाता १०० उरतात. शिवाय शिवणाऱ्याला २०० आणि धुणाऱ्या बाईला २०० रुपये मजुरी मिळालेली असते. हा पोट भरण्याचा धंदा नव्हे, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. पण मशीन घरात रिकामे पडले असेल तर जोडधंदा जरूर होय.

ग्राहकाकडून घेतलेले २० रुपये या जमेत धरलेले नाहीत, हेही पाहावे. अनामत हा शब्द अमानतीवरून आला आहे. ती रक्कम आपली नाही, ग्राहकाची आहे. पिशवी सहा महिन्यांनी आली तरी पैसे द्यावेच लागतील. म्हणून अनामतीचा डबा वेगळा, वही वेगळी. या डब्याला हात लागला की धंदा बुडालाच समजा, कारण एका ग्राहकाला नकार मिळाल्याची बातमी संपूर्ण बाजारात पोहोचते.

कोणत्या वस्तूंनी आरंभ करावा?

भोरच्या बाजारपेठेसाठी बाजारपिशवी योग्य. राजगडासाठी गुंजवणे व पाली आणि तोरण्यासाठी वेल्हे या पायथ्याच्या गावांत फ्लेक्सची कचराझोळी अनामतीवर देता येईल; पर्यटकाने आपला कचरा तीत भरून खाली आणावा आणि पैसे घेऊन जावे. उतरण्याची वाट तीच असल्याने येथे परतीचा भरवसा सर्वांत जास्त. तिसरी वस्तू गोधडीची. डोंगरी वाडीतील रुग्ण पुण्याच्या ससूनसारख्या रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा सोबतचा माणूस व्हरांड्यात फरशीवर रात्र काढतो. मोहल्ल्याने किंवा वाडीने चार-सहा गोधड्या सामाईक ठेवल्या, तर मोठी सोय होईल. मात्र प्रत्येक वापरानंतर गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळविल्याखेरीज ती दुसऱ्याला देऊ नये.

पहिले तीन महिने

एक गल्ली, पाच दुकाने आणि पन्नास पिशव्या, एवढ्यावरच सुरुवात करावी. एकच माणूस जबाबदार असावा. दर आठवड्याला किती गेल्या, किती आल्या, किती फाटल्या आणि कोठे फाटल्या, हे लिहावे. वेल्हे आणि शिवापूर परिसरात ज्ञान प्रबोधिनीच्या प्रेरणेने १९९० च्या दशकापासून बचत गट उभे राहिले. ठरल्या दिवशी बैठक, सर्वांसमोर हिशेब आणि लेखी नोंद ही बचत गटाची शिस्त या कामाला जशीच्या तशी लागू पडते. दहापैकी आठ पिशव्याही परत येत नसतील तर संख्या वाढवू नये. परतीची जागा, अनामत आणि पिशवीचे वजन तपासावे.

जमातीची देग पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती केवळ तांबे जाड होते म्हणून नव्हे. तिच्यावर नाव कोरलेले होते, तिची नोंद वहीत होती आणि ती ठेवणारा माणूस सर्वांच्या माहितीचा होता. जुन्या साडीच्या पिशवीला हेच तीन आधार दिले तर तीही फिरत राहील, आणि तिच्यासोबत गावातल्या शिवणाऱ्याची आणि धुणाऱ्याची मजुरीही.